सजातीय

लक्ष्मीपुरीतून आणलेले सात कांदे
शुक्रवारपासून बाटल्यांच्या तोंडावर बसलेत,
बूड पाण्यात, पांढरी दाढी फुटलेली.
आज सकाळी साडेआठला मी ती दाढी कापली.
हीच वेळ. नंतर पेशी आळसावतात,
असं आमचे चौगुले सर सांगायचे,
आणि त्यांना त्यांचे कोणी.

आम्लात थोडी ऊब, लाल रंग, काचेवर काच,
वर टिपकागद आणि अंगठ्याचा एकच दाब.
"पापड लाटत नाही आपण," मी म्हणते.
दर वर्षी कुणीतरी लाटतंच.

मग दिसतात ती: सोळा सूत्रं,
आधी गुंता, मग मधोमध रांग,
मग दोन्हीकडं ओढली जाताना
एकेकाची हुबेहूब जोड घेऊन.
उद्यमनगरात आबांच्या साच्यातनं
पंपाचे पंखे असेच निघायचे;
शंभरावा पहिल्यासारखा नसला
की परत भट्टीत.
परवा ब्लेडनं कापलेलं माझं बोट
असंच भरून आलंय,
जुन्याच रेघा घेऊन.

"बाई, माझं हलेना," अरमान मुल्लाणी म्हणतो,
डोळा भिंगाला चिकटवून. "ही वेगळी कधी हुणार?"
होणार नाहीत, बाळा.
सकाळी मीच मारलंय त्यांना, अर्ध्या वाटेत.
काचेखाली दिसतं ते थांबलेलंच असतं.

दुसरं विभाजन मी फळ्यावर शिकवते.
तिथं नक्कल पुरत नाही, वाटणी होते.
पण वाटणीआधी एक वेगळंच:
आईकडचं सूत्र आणि बापाकडचं
एकमेकांना हुडकत येतात,
अंगाला अंग लावून बसतात,
आपले काही तुकडे देतात, त्याचे घेतात.
पुस्तकात त्यांना सजातीय म्हणतात.
मुलं लिहून घेतात.
मला दर वर्षी इथं खडू बदलावा लागतो.

माझ्या आईबापांना तो शब्द कुणी लावला नाही.
त्यांच्या लग्नाला दोन्ही घरांतून मिळून
एक माणूस आलं होतं, तेही सहीपुरतं.
नऊ वर्षं निभावलं.
मग भावकीला जे जमलं नव्हतं
ते त्या दोघांनी आपलं आपणच केलं.
आई राजारामपुरीत, आबा उत्तरेश्वरात,
मधे एक रिक्षा
आणि अडतीस वर्षं.
मंगळसूत्र आईनं त्याच आठवड्यात गुजरीत मोडलं,
पिको-फॉलचं मशीन घेतलं.

गुणसूत्र मोडता येत नाही.
मी तिच्या पोटात पाच महिन्यांची,
बाहेर ते भाड्यावरून, आमटीतल्या मिठावरून भांडत होते,
आणि आत, डोळे न उघडलेल्या माझ्या आत,
लाखो बीजांत
ते दोघं जोडीनं बसले,
देणंघेणं केलं
आणि तसेच थांबले.
थांबलेत. मेलेले नव्हेत.
महिन्याला एखादी जोडी सुटली, तेवढीच.
आता पाळी दोन-दोन महिने येत नाही.
उरलेली बहुतेक सुटायचीच नाहीत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं.
मी म्हटलं, व्हय.

रविवारी मी उत्तरेश्वरात जाते.
आई डबा देते, "तुला वाटेत खायला."
वाट पंधरा मिनिटांची, भाकऱ्या चार.
आबा विचारत नाहीत कुणी केल्या.
खातात, डबा स्वतः घासतात,
रिकामा कसा द्यायचा म्हणून
आत दोन लिंबं टाकतात.
परतीच्या रिक्षात ती खडखडत येतात.

संध्याकाळी आई त्यातलं एक चिरते,
अर्धं माझ्या ताटात ठेवते.