या की

वडीलमंडळाची सभा दोन तास चालली.
विषय एकच: फाटकावरच्या पाटीवर
'सर्वांचे' लिहायचं की नको.
ठराव पास झाला. मी विरोधात नव्हतो,
हात तेवढा वर गेला नाही.

हेरेकर पेंटरनं 'स्वागत' जरा मोठंच काढलं.
रंग वाळायच्या आत रविवार उजाडला.

दुसऱ्या शास्त्रपाठाला ती दारात उभी राहिली.
हातभर हिरवा चुडा, गालावर दाढीची निळसर छाया.
चपला काढायच्या का, एवढंच विचारलं तिनं,
तेही माझ्याकडं बघून.
मी वर्गणीच्या वहीत बोट घालून बसलो.

बाकं काही भरली नव्हती. तरी जागा दिसेना.
पाळकांनी तेच वचन दोनदा वाचलं.

मग सुलोचनाबाई समुद्रे हलल्या.
त्यांच्या शेजारची जागा अकरा वर्षं रिकामी:
शलमोनरावांचं गीतपुस्तक,
वर घडी केलेला मफलर.
तिथं कुणी बसत नाही, पाहुणेसुद्धा.
त्यांनी पुस्तक उचललं, मफलर मांडीवर घेतला,
पदरानं बाक पुसला,
आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
ओळखीचं कुणी भेटावं तशा आवाजात म्हणाल्या,
"या की. उभ्या का?"

गीत सुरू झालं. तिला चाल ठाऊक नव्हती.
प्रत्येक ओळ संपली की मागं
तिचा खर्ज तेवढा उरायचा.

घरी आलो तर बाहीला पाटीचा निळा रंग.
कधी टेकलो होतो, आठवत नाही.
बायको म्हणाली, रॉकेलनं निघेल.
शर्ट अजून तसाच खुंटीला आहे.