वरची रेघ

आमच्या लॅबची पाटी रंगवताना
शिडीवरून सुर्वे पेंटर म्हणाले होते,
गुजराती सोपी हो ताई, वर रेघच नसते.
मराठीला छप्पर घालावं लागतं.
आणि ओढली एका श्वासात रेघ,
पट्टी न लावता.

तीन वर्षांनी, दिवाळीच्या आसपास,
त्यांचा चेहरा भरायला लागला.
गालांवर तुकतुकी, मानेमागे मांस.
तब्येत सुधारली, म्हणाले रावपुऱ्यातले लोक.
वहिनींनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.
फक्त शिडीची तिसरी पायरी चढवेना,
मांड्या ऐकत नव्हत्या.
हाताला ब्रशचा दांडा लागला तरी जांभळं.

फुफ्फुसात वाटाण्याएवढी गाठ, कर्करोगाची,
आणि तीही कारखाना काढून बसलेली.
रात्रंदिवस हुकूम सोडायची,
मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बिचाऱ्या ताबेदार,
ओतत राहायच्या कॉर्टिसॉल.
रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यात पेंगुळल्या.
ताप आलाच नाही.
ताप यायलासुद्धा
घरात कुणीतरी जागं लागतं.

नुसतं डोकं दुखायचं.
बामाच्या चार बाटल्या संपल्या
तेव्हा मणक्यातलं पाणी माझ्या टेबलावर आलं.
चिठ्ठीवर नाव: उमाकांत सुर्वे, ५४.

या तपासणीला काळी शाई लागते.
एक थेंब पाण्याचा, एक शाईचा, वर काच.
डोळा लावला.
काळोखात गोल गोल दाणे,
प्रत्येकाभोवती कोरं वलय,
शाईला आत न घेणारं.
सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.
वस्ताद हाताने काळ्या पाटीवर
मुद्दाम सोडलेली जागा असते ना, तसं.

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते.
मांडवीजवळच्या चबुतऱ्याखाली
मी रोज रिक्षाची वाट बघते,
माझ्याही नाकात जात असणार.
माझ्यावर रेघ आहे, एवढंच.

डॉक्टरांना फोन केला. रिपोर्ट पाकिटात घातला.
न्यायला वहिनी आल्या,
पदराला हळदीचा डाग, घाईत निघालेल्या.
ताप नाही ना हो त्यांना?
नाही, म्हटलं.
मग देवाची कृपा, म्हणाल्या
आणि पायऱ्या उतरल्या.

दारापर्यंत गेले त्यांच्यामागे,
काहीच बोलले नाही.
वर बघितलं. उन्हानं पाटी विटलीय,
प्रयोगशाळेतला ळ तर दिसतच नाही.
पुन्हा रंगवून घ्यायला हवी, मनात आलं,
आणि सवयीनं
त्यांचाच नंबर शोधायला लागले.