हँडब्रेक ओढायचा नाही

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. केमियार्वीच्या रस्त्यांवर
अजून मीठ टाकलेलं नाही,
म्हणून आजच, सायमी म्हणाली.
मीठ एकदा लागलं की पत्रा आतून खात जातं,
वरून वर्षभर काही कळत नाही.

पिवळी डॅटसन. एर्क्कीने घेतली
तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.
आता कोठारात, बर्चच्या सरपणापाशी
धुऊन, पुसून, मेण लावून उभी आहे,
शाळेच्या फोटोसाठी ताटकळलेल्या पोरीसारखी.

माझं काम विजेरी धरायचं.
खरं तर माझ्यापुरतंच, कारण सायमीला उजेडाने
फारसा फरक पडत नाही.
मधलं गेलंय, ती सांगते, कडा राहिल्यात.
तुझं तोंड नाही दिसत मला, कान तेवढे दिसतात.
बापावर गेलेत.

लायसन सप्टेंबरात गेलं.
रोव्हानिएमीच्या डॉक्टरने ते मागितलं, तिने दिलं,
आणि बसने परत आली. पाठीमागच्या सीटवर.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
कोणी काढत नाही विषय.

मी काढला.
पुढच्या मे महिन्यात चालवणार कोण?
मग हे सगळं कशाला?

दहाचा पाना दे, ती म्हणाली.

आधी काळी तार, मग तांबडी.
बोटांनी ओळखते, काळीवरची टेप
एका जागी सुटली आहे.
बॅटरी घरात न्यायची, बटाट्याच्या तळघरात नाही,
पलंगाखाली.
टाकी काठोकाठ भरायची,
रिकाम्या जागेत पाणी धरतं.
चाकांत नेहमीपेक्षा जास्त हवा,
सात महिने एकाच कुशीवर झोपायचंय त्यांना.
वायपर उभे. काच बोटभर खाली.
एक्झॉस्टच्या तोंडात भांड्यांची तारेची घासणी कोंबायची,
उंदरांना बाकी कशाचीच भीती वाटत नाही.

डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला.
खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पुडी,
दगडासारखी.
लोकरीचा एक हातमोजा. डावा.
तिने तो हातात घातला, काढला,
पुन्हा आत ठेवला.
उंदीर? मी म्हणालो.
खाऊ दे, म्हणाली.

आणि हँडब्रेक ओढायचा नाही.
चाकांना लाकडं लाव दोन्हीकडून, पण ओढायचा नाही,
ओढून ठेवला की आतलं चिकटून बसतं.
एर्क्कीने ओढला होता एका वर्षी.
मेमध्ये मागची चाकं फिरेनात,
दोन दिवस हातोडा घेऊन खाली पडून होता,
आणि माझ्याशी बोलेना,
जसा काही मीच ओढला होता!
हसताना तिने बॉनेटचा आधार घेतला.
मग बाहीने तो ठसा पुसला.
ठसा कुठे पडला ते तिला बरोबर माहीत होतं.

वर सुती चादर. प्लास्टिक कधी नाही,
प्लास्टिकखाली घाम येतो.
चादर ओढायच्या आधी
ती आत जाऊन बसली.
किल्ली माझ्या खिशात होती.
मी विजेरी जमिनीकडे वळवली
आणि सरपण मोजत राहिलो.
एकशे बारापर्यंत आलो.

राहिला पुठ्ठा.
दरवर्षी स्टिअरिंगला एक अडकवते ती, स्वतःसाठीच.
जुने सगळे खिळ्याला टांगलेत, दोऱ्यात ओवून:
घासणी काढ. तारा जोड. हवा बघ.
तेच शब्द, आणि वर्षागणिक
अक्षर मोठं मोठं होत गेलेलं.
गेल्या वर्षीच्यावर तीनच शब्द मावले होते.

या वेळी पेन माझ्याकडे दिलं. लिही.
कोणाला लिहू?
नाव नको घालूस. दार उघडेल त्याला.

घासणी काढ, मी लिहिलं. तारा जोड, आधी तांबडी.
हवा बघ.
ती जरा थांबली. बाहेर कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.
दुसरा गिअर थंडीत अडतो, म्हणाली.
जोर लावू नकोस. थोडं थांब, आपणहून पडतो.

मी लिहीत होतो. पेन पुठ्ठ्यावर
लांब लांब कुरकुरत होतं.
एवढं मोठं कशाला काढतोयस? ती म्हणाली.
त्याला दिसेल.