तूट

दवाखान्याच्या कागदावर कानडीत एक रकाना होता: तूक.
वजन, असं पोरानं सांगितलं.
आमच्या वहीत त्याच्या शेजारी अजून एक असायचा: तूट.
एकतीस वर्षं निपाणीच्या वखारीत तोलार होतो,
तंबाखूचं बोद काट्यावर चढवायचं
आणि आकडा मोठ्यानं ओरडायचा.

पान खरं वजन कधीच सांगत नाही.
कोरड्या वाऱ्यात आवळतं, बोटांत चुरा होतं;
पहाटेच्या दवात तेच जड, मुडपलं तरी मोडत नाही.
शेठ म्हणायचे, माल तोच हाय जिनगोंडा,
हवा बदलली.

बेळगावात छातीत दोन स्टेंट बसवले.
नर्स म्हणाली, अंजब्याडरी.
मी कुठं अंजलो, असं सगळ्यांना सांगितलं
आणि घरी येऊन जिना सोडला,
मोठ्यानं हसणं सोडलं, डावी कूस सोडली.
भाकरीचा तुकडा मोडायचा
तर आधी मनगटाची नाडी मोजायची.
पाच महिन्यांत अकरा किलो.
डॉक्टर खूश.
चौकात लोक म्हणाले, पोरगा दिसालायस की!
भूक कुठं ठेवलीस, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर उलटं सुरू झालं.
दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारा मी,
रात्री अडीचला फडताळापाशी उभा,
अंधारात लाडू,
चव नाही, नुसतं चावणं.
भीती उठून बसली की तिला काहीतरी चारावं लागायचं.
सकाळी डबा पुन्हा भरलेला.
सोनाक्का काही बोलली नाही.
चौदा किलो चढले. डॉक्टर म्हणाले, तोंडावर ताबा ठेवा.

परवा जुन्या वखारीत गेलो, काट्यावर उभा राहिलो.
ती बाजूला, माझ्या गोळ्यांची पिशवी धरून.
म्हटलं, तूही चढ.
"मला कशाला? मला काय झालंय?"
हात धरून चढवली.

एकेचाळीस.

वर्षभर रात्री नाडी मोजताना
शेजारी बांगड्यांची खळखळ ऐकत होतो,
मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.
मला वाटायचं, तिला झोप लागत नाही, एवढंच.

सवयीनं आकडा ओरडायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.
खाली उतरताना तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला,
"असं बघू नका," म्हणाली,
"हवा कोरडी हाय."