रुळाशेजारचा माणूस

एकशेऐंशी मीटर लांबीची गाडी
ताशी चोपन्न किलोमीटर वेगाने जात असता
रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला
किती सेकंदांत ओलांडेल?

मिर्झा सरांनी फळ्यावर पाच डबे काढले,
माणसाच्या जागी एक उभी रेघ.
"ताशी दिलंय, सेकंद विचारलेत.
आधी पाच-अठरांशाने गुणा, मग तोंड उघडा."
पंधरा आले. एकशेऐंशी भागिले पंधरा.
बारा.

फलाट असता तर त्याची लांबी मिळवायची,
पूल असता तर पुलाची,
समोरून गाडी आली तर तिचीही.
माणसाची नाही.
मी हात वर केला. कामून, सर?
"शून्य धर बेटा."

माझे दादा पूर्णा ते चुडावा या पट्ट्यातले कीमन.
पहाटे पाचला खांद्यावर हातोडा,
काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या,
सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं.
त्यांचा वेग काढता येत नसे:
सैल चावीपाशी थांबायचे,
ठोकायचे, कान लावायचे,
पुन्हा ठोकायचे.

संध्याकाळी विचारलं,
दादा, गाडी तुम्हाला ओलांडायला किती वेळ घेती?
"कोणची? काचीगुडा का मालगाडी?"
पुस्तकातली.
तंबाखू मळायचे थांबले.
"तोंड फिरवावं लागतंय, संडासाचं पाणी उडतंय.
पर पुरतं फिरवून जमत नाही.
चाकाला धूर निघायलाय का, साखळी लोंबायली का,
समदं बघावं लागतंय.
शेवटच्या डब्यातून गार्ड हिरवी दाखवतो,
मी हिरवी दाखवतो,
तवा गाडी गेली म्हणायची."
सेकंद किती पण?
"ते तुझ्या सरांला इचार."

वहीत मी बाराच लिहिले.
बरोबरची खूण मिळाली.

आता परभणीत, पत्र्याच्या खोलीत,
तलाठी भरतीच्या पोरापोरींना मी हेच शिकवते.
माणसाची रुंदी नगण्य, म्हणून सोडून द्या, असं सांगते.
शून्य धरा म्हणायला
जीभ उचलत नाही.
रेघेऐवजी मी डोकं काढते, टोपी,
खांद्यावर आडवा हातोडा.
"मॅडम, चित्रकला नाही परीक्षेला,"
मागच्या बाकावरची शबाना हसते,
"तीस सेकंद गेले बघा."

उत्तर त्यांनी केव्हाच काढलेलं असतं.
मी डब्यात
हिरवा खडू शोधत असते.