समासातला शब्द

मी मेलेल्यांची नावं वाचून देते.
तासाला चारशे, चहा वेगळा.
पोर्तुगीज येतं. खरं म्हणजे
वाळवीने खाल्लेलं पोर्तुगीज येतं;
अक्षर कुठे संपतं आणि भोक कुठे सुरू होतं
हे कळायला अकरा वर्षं गेली.

ओर्ला रिबेल आली आयर्लंडहून, कॉर्कची,
नाकाची साल उन्हाने निघालेली.
मडगावच्या स्टँडवरच म्हणाली,
आमचे पणजोबा बंडखोर होते.
आडनावच सांगतंय.
त्यांच्या घरात त्यांची तसबीर आहे म्हणे,
दर ईस्टरला तिच्याखाली उभं राहून
कुणीतरी पिऊन भाषण करतं.

आसोळण्याचा पूल ओलांडून बस वेळीला आली.
इगर्जीच्या मागच्या खोलीची किल्ली
सांक्रिस्तांव मिंगेलने सगळे खिसे उलटून शोधली,
ती दारालाच होती.
पंखा बंद केला, पानं उडतात.
वहीवर घाम पडू नये म्हणून मी कपाळाला पंचा बांधते.
ती हसली. थोड्या वेळाने तिनेही स्कार्फ बांधला.

अठराशे एकोणनव्वद, फेब्रुवारी.
पाद्रीचं अक्षर पेडवेच्या काट्यांसारखं,
जपून सोडवावं लागतं.
इनासियु कायतान रेबेलो.
बाप तारवटी. आई पिएदाद.

रेबेलो, मी म्हटलं. बंडबिंड काही नाही.
शेवटचा ओ तुमच्या बंदरात गळाला.
मग काय करायचे ते?
आचारी. बोटीवर.
तिने वहीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं,
आणि म्हणाली, भाषण आता कोण करणार.

पुढची वही घरांची.
दरवर्षी पाद्री दारोदार जाऊन लिहायचा,
घरात कोण, कुमसार कोणी घेतला, कोणी नाही.
एकोणीसशे अकरापासून त्याच्या नावाशेजारी, समासात,
एकच शब्द. आउझेंत.
गैरहजर.
पुढच्या वर्षी पुन्हा नाव, पुन्हा तोच शब्द.
बारा वर्षं, तीन पाद्री, तीन शाया.
कुणीतरी दारात उभं राहून सांगत असणार,
लिहा हो, त्याचंही लिहा.
तेराव्या वर्षी पिएदाद नाही.
मग तोही नाही.

आमच्यात असली वही नसते.
भाऊ श्राद्धाला तीन नावं घेतो,
बाप, आजा, पणजा. तिथे भात संपतो.
पणज्याचा धाकटा भाऊ मोझांबिकला गेला,
त्याचं नाव कुठल्याच पिंडावर बसत नाही.
आत्या त्याला नुसतं ‘तो’ म्हणायची.
ती गेली तेव्हा ‘तो’ही गेला.
हे मी ओर्लाला सांगितलं नाही.
तास तिचा होता.

निघताना तिने पिशवीतून तंबाखूचा डबा काढला.
पणजोबांच्या उशाखाली सापडलेला.
आत तीन-चार काळे, मुरडलेले तुकडे.
घरात कुणी म्हणे बंदुकीच्या पट्ट्याचं कातडं,
तिचा काका म्हणे, शत्रूचे कान.
मी हुंगले. वास उरला नव्हता.
जिभेच्या टोकाला लावला एक.

सोलं, म्हटलं. आमसुलं.
कशासाठी?
हुमणासाठी. माशाच्या.
मिंगेल मान हलवत म्हणाला,
तिथे बांगडे मिळाले असतील गो,
नारळ कुठला मिळायला.

त्याने पेल्यात पाणी आणलं.
एक तुकडा सोडला, आणि आम्ही तिघं
त्या पेल्याभोवती बसून राहिलो.
बाराची बस गेली.
तुकडा तळाशी जाऊन पडला,
पाणी तसंच.
बऱ्याच वेळाने ओर्ला वाकून म्हणाली,
खाली बघा, जरासं लाल,
दिसतंय ना?

मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
मिंगेलकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

दिसतंय, म्हटलं.