पहिली दोन अक्षरं

आचऱ्याच्या खाडीकाठी, पत्र्याच्या दुकानात
जगन्नाथ पराडकर होड्यांचे रंग मिसळून देतो.
काउंटरवरचा प्रोग्रॅम माझा.
पट्टी सरकवली की चौकोन रंग बदलतो
आणि खाली त्या रंगाचं अक्षरांतलं रूप येतं.

ते आणायला मला दोन रात्री लागल्या.
रंगाला मजकूर बांधला, बांधला गेलाही,
पण मी दिलेला साचा त्याने मनावर घेतला नाही.
शेवटी मधे एक दुभाष्या बसवला:
इकडून रंग घे, तिकडे अक्षरं दे.
आणि आठातली पहिली दोन गाळ.
एफ एफ. कायमची एफ एफ.
म्हणजे भरीव, खालचं काही दिसायचं नाही.
होडीच्या रंगाने दुसरं काय करायचं असतं?
जगन्नाथ म्हणाला, "बरां झालां.
सहा अक्षरां झाकणार मावतत."

नारळी पुनवेला चार दिवस होते.
सगुण तारी आला, हातपाय डांबराने काळे.
"हिरवोच होयो. पण भावान लिवलेलां नाव
खालसून जरासां दिसाक होयां."
भाऊ तीन वर्षांमागे गेला.
नाव 'जयलक्षमी', त्यातला क्ष पुरता, म मोकळा.

जगन्नाथने चौथी पट्टी मागे ओढली,
जिला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं.
चौकोन विरला,
ओहोटीला पुळणीवर उरतं तेवढंच पाणी.
अक्षरं जागची हलली नाहीत.
दोन ई सात डी पाच बी.
"ह्यां खोटां बोलता," सगुण म्हणाला,
वाचायला न येता.

डिझेलच्या कॅनवर बसून मी एक ओळ खोडली.
पुढची दोन परत आली: सी, शून्य.
जगन्नाथने झाकण पुसून आठ अक्षरं कोंबली,
शेवटचा बी कडेवरून खाली उतरला.

सगुणला काय वाटलं कोण जाणे,
त्याने मलाच सांगितलं, ह्या चौकोनात नाव लिही.
मी लिहिलं, मोकळ्या म-सकट.
दुभाष्याला उलट दिशेने एवढं येत नाही.
नावाभोवती झटकन लाल कड उमटली, चुकीची खूण.

सगुण वाकून बघत राहिला.
"हो तांबडो कडेक मार.
हेचो नंबर काय?"

मी सगळ्या फाइली धुंडाळल्या.
तो मी कुठेच लिहिला नव्हता.